अकरा सतरंज्या

मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना आजार आहे. माझे अब्बा अब्दुल सत्तार अकोटला गाद्या भरतात. ते म्हणतात, दुनियेच्या गाद्यांत कापूस भरला, आमच्या गुलनारच्या तोंडात तेवढा भरायचा राहून गेला. अशा तोंडाच्या बाईला आमच्या हेडसरांनी या जानेवारीत तीन धर्म शिकवायला दिले. त्यातून जे घडलं, ते आठवलं की अजूनही मी वर्गात खडू हातात धरून नुसती उभी राहते.

शाळा अकोटपासून सात किलोमीटरवरच्या एका गावात आहे. मी तिथे शिक्षणसेवक. तीन वर्षं पुरी होत आलेली, मार्चमध्ये संस्थेच्या अध्यक्षांनी सही केली की कायम, नाही केली की अब्बांच्या दुकानात उशा शिवायला मोकळी. अध्यक्ष म्हणजे नत्थुजी. गावातल्या महादेव देवस्थानाचे अध्यक्षही तेच. देव आणि शाळा दोन्ही एकाच खिशात, असं मी एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणून बसले होते. ते त्यांच्यापर्यंत पोचलं असणारच, कारण आमच्या गावात भिंतीलाच नाही, फळ्यालाही कान आहेत.

हेडसरांची कल्पना अशी, की 'धर्मांची ओळख' हा उपक्रम सातवीला शिकवायचा, पण ज्याचा जो धर्म नाही तो त्याने शिकवायचा. आपल्या घरचा धर्म म्हटला की माणूस तयारी करत नाही, वाटेल ते ठोकून देतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ओमप्रकाश सरांकडे इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म गेले आणि माझ्याकडे हिंदू, बौद्ध आणि शीख. ओमप्रकाश सर दुसऱ्याच दिवशी घाबरेघुबरे होऊन विचारायला आले, बाई, पाच नमाजांच्या वेळा पाठ कशा करायच्या? मी म्हटलं, चहाच्या वेळा कशा पाठ आहेत, तशाच.

मी मात्र तयारी केली. खरं सांगते, वाचता वाचता माझ्याच अंगावर काटा आला. कागद नाही, शाई नाही, आणि हजारो वर्षं माणसांनी वेद नुसते एकमेकांच्या तोंडून ऐकून जपले, एक स्वर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. मला माझा मोबाईल नंबर आठवत नाही. एका राजपुत्राने एक म्हातारा, एक आजारी आणि एक मेलेला माणूस पाहिला आणि राजवाडा सोडला. आपण तिघांनाही रोज पाहतो आणि घरी जाऊन जेवतो. आणि शिखांच्या दहाव्या गुरूने सांगितलं, यापुढे कोणी माणूस गुरू नाही, ग्रंथच गुरू. एवढी मोठी जागा स्वतःहून रिकामी करणारा माणूस कसा असेल, या विचाराने मी दोन दिवस भारावून गेले होते.

हे सगळं मी वर्गात डोळे मोठे करून सांगितलं आणि पोरांनी डोळे त्याहून मोठे करून ऐकलं. मग गुरुद्वारातल्या लंगरवर आले. म्हटलं, तिथे बादशहा येवो नाही तर भिकारी येवो, सगळ्यांनी खाली बसायचं, एकाच पंगतीत, एकाच सतरंजीवर. तेवढ्यात पौर्णिमाने हात वर केला.

पौर्णिमा नत्थुजींची नात. शाळेच्या मंत्रिमंडळात ती साहित्यमंत्री आहे. ढोल, लेझीम, सतरंज्या, सगळ्यांची मोजदाद तिच्याकडे, आणि ती ते काम खऱ्या मंत्र्यांपेक्षा पुष्कळ बरं करते.

"मॅडम, महादेवाच्या भंडाऱ्याले आपल्या शाळेच्या आठ सतरंज्या जातात," ती म्हणाली. "तीन खोलीतच राहतात. मंग तिसऱ्या पंगतीले सतरंजी काहून नसते?"

इथे थोडं सांगायला हवं. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात रोडग्यांचा भंडारा असतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. पहिली पंगत मानकऱ्यांची, दुसरी गावाची. या दोन्ही देवळाच्या आवारात, सतरंज्यांवर. तिसरी पंगत नाल्याकडच्या वस्तीची. ती आवाराच्या फाटकाबाहेर, मातीवर बसते. असा नियम कुठे लिहिलेला नाही आणि कोणी तोंडाने म्हणतही नाही. लहानपणापासून सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून ते कोणाला दिसत नाही.

वर्गात वस्तीतली सहा-सात पोरं होती, ती माझ्याकडे बघायला लागली. आणि दाराशी नोटिसांचं रजिस्टर घेऊन शेषराव उभे होते, आमचे शिपाई. शेषरावांचं घर त्याच वस्तीत. ते बौद्ध. त्यांच्या वडिलांनी एके वर्षी भरल्या पत्रावळीवरून उठून भंडारा सोडला, तेव्हापासून त्या घरातलं कोणी तिथे जेवलेलं नाही. पण शाळेचं काम म्हणून सव्वीस वर्षं दर शिवरात्रीला त्या आठ सतरंज्या स्वतःच्या खांद्यावरून देवळात नेऊन पोचवणारे शेषरावच. रजिस्टरवर माझी सही घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि मी, गप्प न बसणारी मी, म्हणाले, उद्या सांगते हं. मला त्या क्षणी माझी फार लाज वाटली. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी पोरांना वाढत होते, एका पोरीने खरं जेवण मागितलं आणि माझं भांडं रिकामं निघालं.

पौर्णिमाने तोच प्रश्न घरीही विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजी शाळेत हजर. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा. हेडसरांनी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. आवाजही चढवला नाही. आमच्याकडे माणूस ओरडतो तोवर ठीक असतं, हळू बोलायला लागला की समजावं.

"बाई, पोट्टीनं प्रश्न इचारला. तिच्या डोक्यात तुमी घातला, तर उत्तर बी तुमीच द्या," ते म्हणाले. "माह्यासमोर द्या. पटलं तर मार्चमधी सही करतो. नाई पटलं तर नाई करत."

मी म्हटलं, उत्तर वर्गात नाही मिळणार, आमच्या सहलीला चला. सहल ठरलेली नव्हती. हेडसरांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की ती आत्ता या क्षणी ठरली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अकोल्याला जायला अकोट आगाराची गाडी मिळाली. बावन्न पोरं, हेडसर, मी, पाण्याचा कॅन आणि औषधाची पेटी घेऊन शेषराव, आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ताठ बसलेले नत्थुजी. सुरुवात गावातूनच करायची ठरली होती. म्हणून सकाळी सातला आधी सगळे महादेवाच्या देवळात गेलो.

या देवळावरून मी तीन वर्षं जात-येत होते. आत पहिल्यांदाच गेले. नत्थुजी बघत होते, मी कुठवर जाते. मी सभामंडपाच्या खांबाशी थांबले आणि पोरांना म्हटलं, बोलू नका, आधी बघा. गाभाऱ्यात एक समई होती, बाकी अंधार. पिंडीवर तांब्याचं भांडं टांगलेलं, त्याच्या भोकातून पाण्याचा एक थेंब पडायचा. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा थेंब. बाहेर कापसाच्या गाड्यांचे हॉर्न चालले होते, आणि इथे कोणीतरी शेकडो वर्षं एका दगडाला थेंबाथेंबाने गार ठेवत होतं. मी पाठ केलेलं सगळं विसरले. कर्म, पुनर्जन्म, एकच परमेश्वर आणि त्याची अनेक रूपं, हे सांगायचं होतं. मी एवढंच म्हणाले, की पोरांनो, ज्याला रूप नाही असं मानतात त्यालाही तहान लागेल म्हणून इथे पाणी ठेवलंय, एवढी माया माणसाला सुचली. नत्थुजींनी माझ्याकडे जरा वळून पाहिलं. शेषराव बाहेर गाडीपाशी उभे होते.

अकोल्याला पोचेपर्यंत नऊ वाजले. विहार एका गल्लीत आहे, लहानसा, पांढराशुभ्र. समोर बुद्धाची बसलेली मूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो. तिथली सगळी देखभाल सुंदराबाई नावाच्या एक आजी करतात. पांढरं लुगडं, पाठीला बाक, आणि नजर मात्र सरळ. नत्थुजी दारातच म्हणाले, तुमी जा, मी चपला राखतो.

"चपला कोणी नाई नेत, भाऊ," सुंदराबाई म्हणाल्या. "या आत."

नत्थुजी आत आले आणि दारालगत, सगळ्यात मागे टेकले. सुंदराबाईंनी मेणबत्ती लावली आणि वळून विचारलं, वंदना कोण सांगते? मी पुस्तकात बघून उच्चार तयार केले होते, पण माझ्या आधी पाण्याचा कॅन खाली ठेवून शेषराव पुढे गेले. गुडघ्यांवर बसले, हात जोडले आणि पालीतून म्हणायला लागले. शाळेत त्यांचा आवाज आम्ही ऐकतो तो 'सर बोलावून राहिले' एवढाच. हा आवाज निराळा होता. भरदार, संथ, एकेक शब्द जमिनीवर नीट ठेवत जाणारा. बावन्न पोरांनी माना वर केल्या. रोज घंटा देणारा माणूस हाच का, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि माझ्याही. सव्वीस वर्षं हा आवाज शाळेत होता आणि आम्ही त्याच्याकडून घंटा वाजवून घेतली.

मग सुंदराबाईंनी पोरांना पाच शीलं सांगितली. जीव घ्यायचा नाही, न दिलेलं घ्यायचं नाही, वाईट चालीने वागायचं नाही, खोटं बोलायचं नाही, नशा करायची नाही. शेवटी म्हणाल्या, "इथं काही मागाचं नसते, बेटा. डोये मिटाचे अन् आपला श्वास पाहाचा. तो सगळ्याईचा सारखाच येते अन् सारखाच जाते."

आमची सातवी पाच मिनिटं शांत बसली. जे आमची सातवी ओळखतात त्यांना हे खरं वाटणार नाही. पंख्याचा आवाज ऐकू आला, मग खिडकीतल्या चिमणीचा, मग पोरांच्या श्वासांचा, बावन्न श्वासांचा. त्यात मागून एक घरघरता श्वास येत होता. नत्थुजींना दमा आहे. मी चोरून एक डोळा उघडला. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि टोपी मांडीवर होती.

गुरुद्वारात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. दाराशी पेटीत केशरी रुमाल ठेवलेले, पोरांनी ते डोक्याला बांधले आणि एकमेकांना बघून हसत सुटले. नत्थुजींनी खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून घेतला. मी ओढणी घेतलीच होती. पाय धुऊन आत गेलो आणि हसू आपोआप थांबलं. तिथे मूर्ती नव्हती. उंचावर, कापडी छताखाली, रेशमी वस्त्रांत एक ग्रंथ होता, आणि एक पांढऱ्या दाढीचे ग्यानीजी त्याच्यावर चवरी ढाळत होते. पौर्णिमाने विचारलं, ग्रंथाले वारा काहून घालतात? ग्यानीजी अकोल्यातच जन्मलेले, त्यांनी आमच्याच बोलीत सांगितलं, राजाले घालतात ना, तसा. रोज रात्री ग्रंथाला मानाने खोलीत नेऊन निजवतात आणि पहाटे मानाने आणतात, हेही सांगितलं. मी पुस्तकं वापरणारी बाई. पुस्तकावर चहाचा कप ठेवते, पान दुमडते. अक्षराला कोणी उठवतं, निजवतं, हे ऐकून माझे डोळे भरून आले. मी मान खाली घातली, पोरांना दिसू नये म्हणून.

मग लंगर. लांबच लांब चटया, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पोरं बसली. नत्थुजींचे दुखरे गुडघे पाहून वाढायला उभ्या असलेल्या एका सेवादाराने भिंतीकडच्या बाकाकडे हात केला. नत्थुजींनी बाकाकडे पाहिलं, मग आपल्याकडे बघत असलेल्या पौर्णिमाकडे पाहिलं, आणि एक हात जमिनीला लावत हळूहळू खाली बसले. शेषराव कॅन धरून कडेला उभे. सेवादाराने त्यांच्या हातातला कॅन काढून घेतला आणि खांद्याला धरून त्यांना होती त्या रिकाम्या जागेवर बसवलं. ती जागा नत्थुजींच्या शेजारची होती. दोघांनीही समोर बघितलं.

डाळ आली, भाजी आली, खीर आली. पोळी मात्र ताटात पडेना. सेवादार पोळी धरून नत्थुजींसमोर वाकलेला आणि नत्थुजी ताटाकडे बोट दाखवताहेत. तो हसून म्हणाला, बाबाजी, दोनो हाथ. पोळी प्रसाद आहे, ती दोन्ही हात पसरून घ्यायची असते. नत्थुजींनी जन्मभर वाढलेलं पानात घेतलं किंवा दुसऱ्याला द्यायला सांगितलं. कोणापुढे दोन्ही हात पसरायची वेळ त्यांच्यावर आलेली मी तरी ऐकलेली नाही. क्षणभर त्यांचे हात मांडीवरच राहिले. मग त्यांनी ते पुढे केले.

आणि मग भलतंच झालं. सगळ्यांना वाढून झालं, पण कोणी जेवेना. बावन्न पोरं हात मांडीवर ठेवून ताठ बसलेली. सेवादार एकमेकांकडे बघायला लागले. एकाने वाकून डाळीचा वास घेतला. दुसरा धावत जाऊन लोणचं घेऊन आला. ग्यानीजी काळजीने माझ्याकडे आले, बच्चे खा क्यों नहीं रहे? मला काय माहीत? एवढा अभ्यास केलेली मी, मलाच माहीत नव्हतं, की आमच्या गावच्या पंगतीत मोठ्या माणसाने श्लोक म्हटल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. दर भंडाऱ्याला तो श्लोक नत्थुजी म्हणतात. पोरांना पंगत दिसली, नत्थुजी दिसले, आणि ती शहाण्यासारखी वाट बघत बसली.

"आजोबा, श्लोक," पौर्णिमा हळूच म्हणाली.

नत्थुजींनी तोंड उघडलं, आणि मिटलं. ग्रंथाचं घर, समोर दाढीवाले सेवादार, कोणता म्हणायचा, कोणी म्हणायचा, त्यांना काही सुचेना. ते शेजारी वळले आणि हलक्या आवाजात त्यांनी शेषरावांनाच विचारलं, की कसं करतात?

"मले काय इचारता, नत्थुजी," शेषराव म्हणाले. "मी तुमच्या पंगतीत कधी बसलो?"

रागाने नाही म्हणाले. किती वाजले विचारल्यावर सांगावं तसं म्हणाले. समोरच्या रांगेतली वस्तीतली पोरं ऐकत होती, पौर्णिमा ऐकत होती. नत्थुजींच्या दोन्ही हातांत ती पोळी तशीच होती. त्यांचा श्वास पुन्हा घरघरायला लागला. मग ते शेषरावांना म्हणाले, तू सुरू कर. शेषरावांनी घास मोडला. तो त्यांनी गिळल्यावर नत्थुजींनी मोडला, आणि मग पोरं अशी तुटून पडली, की सेवादारांचा जीव भांड्यात पडला.

परतताना गाडीत कोणी गाणी म्हटली नाहीत. गावात उतरल्यावर मी नत्थुजींना गाठलं आणि खरं ते सांगून टाकलं, की पौर्णिमाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, मी फक्त प्रश्न मोठा करून दाखवू शकले, उत्तर तुमच्याकडे आहे. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मालूम हाय मले." आणि घराकडे चालायला लागले. मी अब्बांना फोन करून सांगितलं, उशांची सुई शोधून ठेवा.

शिवरात्र आली. दुसऱ्या दिवशी भंडारा. रमजान दोन-तीन दिवसांवर होता, रोजे अजून सुरू व्हायचे होते. दर वर्षी माझा रोडग्यांचा डबा शाळेत येतो, मी देवळात जात नाही. त्या सकाळी शेषराव साहित्याच्या खोलीचं कुलूप काढत होते, पौर्णिमा वही घेऊन उभी होती, आणि नत्थुजी स्वतः चालत आले. त्यांनी आत जाऊन सतरंज्यांकडे पाहिलं.

"शेषराव, अकराही काढ," ते म्हणाले. "आवारात एकच पंगत बसवतो यंदा. गोल. अन् तू बी बस."

शेषरावांनी कुलूप खिशात टाकलं. "सतरंज्या आणून देतो," ते म्हणाले. "बसाचं का नाई, ते माहं मी पाहीन."

नत्थुजींनी मान हलवली आणि एक सतरंजी उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली. दमा असलेला माणूस, रस्त्याने तीनदा थांबला, पण सतरंजी त्यांनी दुसऱ्या कोणाकडे दिली नाही. मी त्यांच्या मागे चालत होते. मला कोणी बोलावलं नव्हतं आणि परत जा असंही कोणी म्हटलं नाही.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. मानकऱ्यांतले चौघे-पाच जण पंगत बघून उठून गेले. एकाने जाता जाता मला ऐकू जाईल असं काहीतरी म्हटलं, ते मी लिहीत नाही. वस्तीतले लोक फाटकाशी बराच वेळ थबकले, सतरंजीच्या काठावर असे बसले, की कोणी उठवलं तर पटकन उठता यावं. मी पौर्णिमाच्या शेजारी बसले. पत्रावळी मांडल्या, वरण आलं, भाजी आली. रोडग्यांची टोपली घेऊन एक वाढपी निघाला. नत्थुजी दर वर्षी मधोमध उभे राहून श्लोक म्हणतात. यंदा ते पंगतीत, अकराव्या सतरंजीवर बसले. शेजारी एक पत्रावळ मांडलेली, तिच्यासमोर कोणी नाही. शेषराव फाटकाशी हाताची घडी घालून उभे.

नत्थुजी श्लोक म्हणेनात. वरणावर साय धरायला लागली. दीडशे माणसं, कोणी काही बोलत नव्हतं, कोणी घास उचलत नव्हतं. गाभाऱ्यातला तो थेंब मला बाहेर ऐकू येतोय असं वाटलं. नत्थुजींनी शेषरावांना हाक मारली नाही, हात केला नाही. नुसते वाट बघत राहिले. त्यांना तेव्हा कळलं असावं, की बोलावण्याचा हक्क आपल्याकडे उरलेला नाही.

शेषराव आत आले. रिकाम्या पत्रावळीकडे गेले नाहीत. वाढप्यापाशी गेले, त्याच्या हातातली टोपली घेतली, आणि नत्थुजींसमोर येऊन उभे राहिले. आमच्या गावात शेषरावांनी वाहून आणलेल्या सतरंजीवर बसायला कोणाची ना नव्हती. त्यांच्या हातून जेवायचं, हे कोणी मनातही आणलं नव्हतं. टोपलीतले रोडगे निखाऱ्यातून नुकतेच निघालेले, वाफ दिसत होती. शेषराव एक रोडगा घेऊन वाकले.

नत्थुजींनी दोन्ही हात पसरले.

गरम रोडगा त्यांच्या तळव्यांवर आला. भाजलं असणार. हात हलले नाहीत. पुढे बसलेल्या सातवीच्या पोरांनी ते पाहिलं आणि त्यांनीही दोन दोन हात पुढे केले. मग त्यांच्या शेजारच्या बायांनी केले, मग गुरवाने, मग वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी. टोपली पुन्हा पुन्हा भरून घेत शेषराव एकेकाला देत गोल फिरले. माझ्यासमोर आले तेव्हा मीही हात पुढे केले, आणि ते मला पहिल्यांदाच हसताना दिसले. सगळं वाढून झाल्यावर टोपली खाली ठेवून ते त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले.

"आता म्हणू का?" नत्थुजींनी त्यांना विचारलं.

"म्हणा," शेषराव म्हणाले. "मी ऐकतो."

नत्थुजींनी डोळे मिटून श्लोक सुरू केला. दुसऱ्याच ओळीत त्यांचा आवाज फुटला. उरलेला पोरांनी पूर्ण केला.

मी तीन धर्म शिकवले म्हणतात. मला तर वाटतं, त्या दुपारी मी पहिल्यांदा वर्गात बसले होते. आभाळाखाली, अकरा सतरंज्यांवर, एवढ्या माणसांमध्ये, आणि समोर जे चाललं होतं त्याच्यापुढे मला माझं आयुष्य फार लहान आणि फार भाग्याचं वाटलं.

जेवण उरकल्यावर नत्थुजी माझ्यापाशी आले. तळवे लाल झाले होते. त्यांनी आधी पौर्णिमाकडे पाहिलं आणि मग मला विचारलं, "झालं का उत्तर, बाई?"

मार्चमध्ये सही झाली. पण त्या वेळी मला सहीची आठवणही नव्हती. काहीतरी म्हणायला हवं होतं, पण तोंडात रोडग्याचा शेवटचा घास होता. मी नुसती मान हलवली. पौर्णिमाने वही उघडली, सतरंज्यांच्या रकान्यात 'आठ' खोडून 'अकरा' लिहिलं आणि सही करायला शेषरावांकडे दिली.